अकरांचा होकार, एकाचा नकार

घनसावंगीत ज्युरीवरचं नाटक वाचायचं ठरलं की पहिला सवाल ठरलेलाच असतो : आपल्याकडं ज्युरी आहेच कुठं? नाहीच. 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली आणि तिच्यात ज्युरीला जागाच ठेवलेली नव्हती. त्याच्या कितीतरी आधी, 1958 साली, कायदा आयोगानं आपल्या चौदाव्या अहवालात ही पद्धत बंद करा म्हणून सांगून टाकलं होतं. आता आपल्या कोर्टात न्यायाधीश आहेत, सरकारी वकील आहेत, आरोपीचे वकील आहेत, पिंजऱ्यात साक्षीदार आहे आणि बाहेर बाकड्यावर पुढची तारीख ऐकायला थांबलेले नातेवाईक आहेत. पंच तेवढे शिल्लक आहेत, पण त्यांचं काम पंचनाम्यावर सही करण्यापुरतं आणि कधीतरी पुढं कोर्टात ती सही ओळखण्यापुरतं. मग बारा अनोळखी माणसांनी एका खोलीत बसून एका पोराच्या जिवाचा निवाडा करायचा, हा परमुलखातला प्रकार आपण कशाला वाचायचा?

माझं उत्तर असं की हे नाटक कायद्याचं नाहीच. ज्याला मतं मोजून गप्प करता येत नाही अशा माणसाशी बोलायचं कसं, याचं हे नाटक आहे. तो प्रश्न आपल्याकडं ग्रामसभेत आहे, सोसायटीच्या बैठकीत आहे, वाटणीच्या वेळी घरात आहे आणि बांधाच्या भांडणात तर आहेच आहे. पुढच्या पानांत या नाटकातल्या एकेका युक्तिवादाची फोड केलेली आहे. त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगणं हे प्रस्तावनेचं काम.

रेजिनाल्ड रोज हा अमेरिकन लेखक न्यूयॉर्कमधल्या एका मनुष्यवधाच्या खटल्यात ज्युरीवर बसला होता. त्या अनुभवातून त्यानं ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ लिहिलं. 1954 साली ते टीव्हीवर झालं, पुढं रंगमंचावर आलं आणि 1957 मध्ये सिडनी ल्युमेटनं त्याचा सिनेमा केला. ल्युमेटचा तो पहिलाच सिनेमा. अठरा वर्षांच्या एका झोपडपट्टीतल्या मुलावर बापाला भोसकल्याचा आरोप आहे. खटला संपलाय, ज्युरी खोलीत आलीय, बाहेर उकाडा आहे, पंखा चालत नाही. पहिल्या मतदानात अकरा जण म्हणतात दोषी, एक जण म्हणतो नाही. दीड तासानं बाराच्या बारा जण ‘नाही’वर आलेले असतात. आपल्याकडं बासू चटर्जींनी 1986 मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ केला. पंकज कपूरनं त्यात तिसऱ्या ज्युरीचा संतापी बाप उभा केला आणि तेव्हा तरुण असलेल्या अन्नू कपूरनं नवव्या ज्युरीचा म्हातारा. मजा अशी की हा सिनेमा आला तेव्हा देशात ज्युरी बंद होऊन बारा वर्षं झाली होती. तरी तो बघताना कुणाला त्याची आठवणही होत नाही, इतकी ती माणसं आपल्या ओळखीची वाटतात.

आता तो आठवा ज्युरी नेमकं करतो काय, ते जवळून बघायला हवं. कारण या नाटकाचं कौतुक करणारे बहुतेक जण ‘एका माणसानं अकरा जणांना पटवून दिलं’ असं सांगून मोकळे होतात. ते चुकीचं आहे. त्यानं पटवून दिलेल्या गोष्टी मोजायला बसलात तर एका हाताची बोटंही पुरी होणार नाहीत.

पहिली गोष्ट, पोरगा निर्दोष आहे असं तो म्हणतच नाही. मला माहीत नाही, असं म्हणतो. एका पोराला मरायला पाठवायचंय, तर निदान तासभर बोलू, एवढीच मागणी. जो माणूस उलटा दावा ठोकतो त्याला खोडून काढता येतं. जो फक्त वेळ मागतो त्याला काय खोडणार? वेळ नाकारली तर नाकारणाराच उघडा पडतो.

दुसरी गोष्ट चाकूची. सरकारी पक्षाचं म्हणणं असं की हा चाकू अगदी वेगळा, असा दुसरा मिळणार नाही. तो चाकू टेबलात रोवलेला असतो. आठवा ज्युरी खिशातून तसाच दुसरा काढतो आणि त्याच्याशेजारी रोवतो. मुलाच्या घराजवळच्या दुकानातून सहा डॉलरला घेतलेला. एक शब्दही न बोलता एक पुरावा लंगडा झाला. वाचनाच्या वेळी हा प्रसंग हमखास टाळ्या घेतो. पण इथं एक काडी टाकतो : ज्युरीनं बाहेर जाऊन स्वतः पुरावा गोळा करायचा नसतो. कोर्टात जे मांडलं गेलं, ज्याची उलटतपासणी झाली, तेवढ्यावरच त्यानं विचार करायचा. म्हणजे आपला नायक सज्जन आहे, शहाणा आहे, पण नियमाच्या पुस्तकात तो इथं सरळसरळ चुकलेला आहे. खऱ्या न्यायाधीशाला हे कळतं तर त्यानं ती ज्युरीच घरी पाठवली असती. नाटक बसवताना हे झाकू नका. मन वळवणारा माणूस कधी कधी हद्द ओलांडतो, आणि आपल्या बाजूचा असेल तर आपण टाळ्याही वाजवतो, हे पोरांना कळू द्या.

तिसरी गोष्ट चिठ्ठीची, आणि माझ्या मते सबंध नाटकाचा खिळा हाच. बोलणं कुठंच जाईना तेव्हा आठवा ज्युरी म्हणतो, तुम्ही अकरा जण गुप्त मतदान करा, मी मत देत नाही. अकराही चिठ्ठ्या ‘दोषी’ निघाल्या तर मी तुमच्याबरोबर येतो. एक जरी फुटली तरी आपण बसून बोलायचं. चिठ्ठ्या उघडतात आणि एक ‘नाही’ निघते. ती म्हाताऱ्या नवव्या ज्युरीची. त्याला तोपर्यंत कुणीही काही पटवलेलं नव्हतं. हात वर करायच्या मतदानात त्यानं हात वर केला होता, कारण आजूबाजूला दहा हात वर होते. चिठ्ठीवर कुणाचा डोळा नव्हता, तिथं त्यानं मनातलं लिहिलं.

मग मोजमाप. खालच्या मजल्यावरचा आजारी म्हातारा साक्षीत सांगतो की धडपडल्याचा आवाज आला, मी पलंगावरून उठलो आणि पंधरा सेकंदांत दारापाशी पोचलो. आठवा ज्युरी खोलीत खुर्च्या मांडतो, घराचा नकाशा मागवतो, पाय ओढत चालून दाखवतो. घड्याळ धरलेलं असतं दुसऱ्याच्या हातात. एकेचाळीस सेकंद. बांध कोरल्याच्या भांडणात गावातला जाणता माणूस असंच करतो. दोन्हीकडून आरडाओरडा चालू असतो, तो कुणाचीच बाजू न घेता म्हणतो, “टेप आणा”, आणि टेपचं टोक जास्त ओरडणाऱ्याच्या हातात देतो. मोजणारा तोच, आकडा वाचणारा तोच. मग त्या आकड्याशी भांडायचं कुणी?

याच मोजमापातून पुढचा सापळा लागतो. तिसरा ज्युरी खवळून आठव्याच्या अंगावर धावून जातो आणि ‘तुला ठार मारीन’ म्हणून ओरडतो. आठवा शांतपणे विचारतो, खरंच मारणार नाही ना? आता पोरगा बापाला तसंच ओरडून बोलला होता या साक्षीचं वजन किती उरलं, ते सांगायला वकील लागत नाही.

इथून पुढं नाटकाचा वेग वाढतो आणि नायक हळूहळू बाजूला सरतो. मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. झोपडपट्टीत वाढलेला पाचवा ज्युरी इतका वेळ मान खाली घालून बसलेला असतो, कारण दहावा ज्युरी ‘असल्या वस्तीतले लोक’ म्हणून बरळत असतो. पण खटक्याचा चाकू कसा धरतात हे त्या खोलीत फक्त पाचव्याला माहीत आहे. तो खालून वर चालवतात, वरून खाली नाही. आणि जखम तर वरून खाली गेलेली. ज्या वस्तीची लाज वाटत होती तीच आता त्याचा अधिकार होते. नवव्या म्हाताऱ्याच्या ध्यानात येतं की समोरच्या इमारतीतल्या साक्षीदार बाईच्या नाकावर चष्म्याचे वळ होते. हे त्याला सुचतं तेही चौथा ज्युरी कंटाळून स्वतःच्या नाकावरचे वळ चोळतो म्हणून. चौथा ज्युरी हा सगळ्यात दमदार विरोधक. ओरडत नाही, मुद्द्यावर बोलतो. भावनेचा कुठलाच बाण त्याला लागत नाही. पण ती बाई झोपताना चष्मा लावत नसणार हे कळल्याबरोबर तो एका वाक्यात माघार घेतो. प्रामाणिक विरोधक असला की असं होतं. त्याला हरवायचं नसतं, त्याच्या पुढ्यात तथ्य ठेवायचं असतं.

आणि सातवा ज्युरी. त्याला बेसबॉलची मॅच बघायला जायचंय. वारं फिरलेलं दिसताच तो ‘बरं बाबा, निर्दोष’ म्हणून मोकळा होतो. निर्दोष म्हणणाऱ्यांच्या बाजूला एक मत वाढलं, पारडं झुकलं. साध्या पुढाऱ्यानं त्याला हार घातला असता. पण परदेशातून येऊन स्थायिक झालेला अकरावा ज्युरी, जो स्वतः निर्दोषच्या बाजूचा आहे, सातव्याला धारेवर धरतो. कशासाठी बदललंस? पटलं म्हणून की घाई आहे म्हणून? माणसाच्या जिवाशी असा खेळ करायचा हक्क तुला कुणी दिला? आपल्या बाजूला आलेलं फुकटचं मत परत करणारा माणूस मी दुसऱ्या नाटकात पाहिलेला नाही. वाचन करताना या प्रवेशावर थांबा, घाईनं पुढं जाऊ नका.

पुस्तकी भाषेत मन वळवण्याच्या या रीतींनाच अ‍ॅरिस्टॉटलचे तीन मार्ग म्हणतात : बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि बोलण्यातला तर्क. परीक्षेत लिहायला ते ठीक आहे. ल्युमेटनं त्याच्या पुढं जाऊन कॅमेऱ्यालाही वाद घालायला लावलं. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या वर, मग डोळ्यांच्या रेषेत, शेवटी खाली. लेन्सही हळूहळू बदलत नेल्या. त्यामुळं खोली तीच असून भिंती जवळ येतात, छत डोक्यावर उतरतं. नाटकात ही सोय नाही. टेबलाभोवतीच्या खुर्च्या दर मतदानानंतर थोड्या आत ओढून बघा, काम होतं.

आता ज्यामुळं हे सगळं घडू शकलं त्या गोष्टीकडं येतो. आठवा ज्युरी गोड बोलतो, हुशार आहे, धीराचा आहे, पण त्या खोलीत नियम वेगळा असता तर यातलं काहीच उपयोगी पडलं नसतं. तिथं बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं. अकराला उठून जाता येत नाही. म्हणून एकाशी बोलावं लागतं.

आपल्याकडच्या ज्युरीला हे बंधन नव्हतं. मुंबई हायकोर्टात नऊ जणांची ज्युरी बसे. त्यातले सहा एका बाजूला आले आणि न्यायाधीशांना ते मान्य असलं की काम संपलं. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची, ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. कौल 6 विरुद्ध 3. शिक्षा अठरा महिने. त्या तिघांचं म्हणणं ऐकून घ्यायची कुणाला गरजच पडली नाही, हिशोब जमला होता.

1908 चा खटला तर वक्तृत्वाच्या अभ्यासकानं कोळून प्यावा असा आहे. ‘केसरी’तले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन लेख आरोपाच्या मुळाशी होते. न्यायमूर्ती दिनशा दावर. हेच दावर 1897 च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते, आणि 1908 मध्ये न्यायाधीश म्हणून त्यांनीच जामीन नाकारला. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली, ज्युरीपुढं एकवीस तासांच्या वर बोलले. लेख मराठी, ज्युरीला मराठीचा गंध नाही, म्हणून आधी भाषांतराचा एकेक शब्द सोलून काढला. मग त्यांनी ज्युरीला तिच्याच देशाच्या परंपरेत उभं केलं : वर्तमानपत्राचं स्वातंत्र्य इंग्लंडमध्ये ज्युरीनं राखलं, तुम्ही त्याच ज्युरीचे वारस आहात, सरकारचे नोकर नाही. विरोधी माणसाला त्याच्या पूर्वजांच्या थोरवीची आठवण करून देऊन आपल्या बाजूला ओढायचं, यापेक्षा कसदार युक्तिवाद मला माहीत नाही. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. रात्री ते आत गेले आणि सव्वा तासाच्या आसपास बाहेर आले. 7 विरुद्ध 2. सहा वर्षं काळं पाणी. निकालानंतर टिळक जे चार शब्द बोलले ते आज त्याच कोर्टाच्या दालनात कोरून लावलेले आहेत. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

एकवीस तास विरुद्ध सव्वा तास. टिळकांचं बोलणं कमी पडलं असं कोण म्हणेल? सातांना त्या दोघांची गरज नव्हती, एवढंच खरं. त्या खोलीत कुणी खुर्च्या मांडून पावलं मोजली नाहीत, कारण मोजून दाखवायचं कुणाला? मत मोजून झालं होतं.

नानावटीचा खटला सगळ्यांना सिनेमांमुळं पाठ आहे, म्हणून त्यातला एकच धागा घेतो. 27 एप्रिल 1959 ला नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. ज्युरीपुढं कार्ल खंडालावाला यांनी बचाव केला : झटापट झाली, पिस्तूल चुकून सुटलं. सरकारी पक्षाचा सगळ्यात बोलका मुद्दा टॉवेलचा होता. आहुजा अंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल, आणि तो मेला तेव्हाही टॉवेल जागच्या जागी. झटापटीत टॉवेल टिकतो का? दोन्ही बाजूंच्या भाषणांवर तो एक टॉवेल भारी होता. पण बाहेर ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं नानावटींची बाजू उचलून धरली होती, लोक त्यांना पाहायला गर्दी करत होते आणि समोर गणवेशातला देखणा अधिकारी होता. ज्युरीनं 8 विरुद्ध 1 असा निर्दोष कौल दिला. सत्र न्यायाधीश मेहतांना तो पटला नाही. त्यांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 307 खाली प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं, हायकोर्टानं 11 मार्च 1960 ला जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टानं 24 नोव्हेंबर 1961 ला ती कायम केली, आणि 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. हा देशातला शेवटचा ज्युरी खटला, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही, त्यानंतरही काही वर्षं ज्युरी बसत होत्या.

माझं लक्ष त्या एका मतावर आहे. मुंबईत 1959 साली एक खराखुरा आठवा ज्युरी होता. फक्त उलट्या बाजूचा. बाकी आठ जण सोडून द्या म्हणत होते, हा एकटा दोषी म्हणत होता, आणि पुढं दोन वरच्या कोर्टांनी त्याचंच म्हणणं उचलून धरलं. एकमताची सक्ती असती तर त्या आठ जणांना त्याच्याशी टॉवेलवर बोलावं लागलं असतं. रेजिनाल्ड रोजच्या तोडीचं नाटक तिथं घडलं असतं. तसं झालं नाही, कारण बहुमत पुरेसं होतं. बहुमत पुरेसं असलं की मन वळवायची गरज संपते, हे या पुस्तकाचं सूत्र मी इथं सांगून ठेवतो.

परक्या ज्युरीपेक्षा आपल्या मातीतली जुनी गोतसभा या नाटकाच्या जास्त जवळ आहे. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा, शिवेचा, मानपानाचा वाद उभा राहिला की गोत बसे : देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार. दोन्ही वादी आधी राजीनामा देत, म्हणजे निवाडा मान्य करीन असं लिहून देत. मग तकरीर म्हणजे जबानी, मग करीना म्हणजे सविस्तर हकीकत, मग साक्षी, हातात बेलभंडार घेऊन. पुराव्यानं भागलं नाही तर दिव्य, तापल्या तेलातून रवा काढण्यासारखं. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर सह्यांच्या जागी पाटलाचा नांगर आणि ज्याच्या त्याच्या हत्यारांच्या निशाण्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हरलेल्या माणसाकडून यजितखत लिहून घेत : मी खोटा पडलो, आता कज्जा करणार नाही. नाटकाच्या शेवटी तिसरा ज्युरी टेबलावर डोकं ठेवून स्वतःच्या तोंडानं ‘निर्दोष’ म्हणतो, ते त्याचं यजितखतच. बाकी अकरा जण तोवर थांबतात. त्याला वगळून उठत नाहीत.

आणखी एक साम्य. शिवेचा वाद असला तर गावच्या महाराची साक्ष प्रमाण धरत. ज्याला पारावर बसायची मुभा नव्हती त्याला शिवेचा दगड न् दगड ठाऊक असे, आणि पाटील-देशमुखांना त्याच्या शब्दावर निवाडा करावा लागे. पाचव्या ज्युरीच्या चाकूचा प्रसंग वाचताना मला हे आठवतं. माहिती कुणाकडं आहे आणि मान कुणाला आहे, या दोन गोष्टी गावात क्वचितच एका माणसाकडं असतात.

पण गोतसभेला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. एकमताची दुसरी बाजू म्हणजे वाळीत टाकणं. सगळ्यांचं एक झालं पाहिजे या हट्टापायी एकट्या माणसाचं हुक्कापाणी बंद करून त्याला वाकवायचं, हेही मन वळवणंच म्हणायचं का? जातपंचायतींनी हे इतकं केलं की महाराष्ट्राला 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला. 2007 साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावोगाव समित्या झाल्या, कागदोपत्री तडजोडी झाल्या, अनेक खऱ्याच होत्या. पण समितीपुढं बसलेल्या दोन माणसांपैकी एकाची जमीन चार एकर आणि दुसऱ्याची चाळीस असेल, तर ‘दोघांनी राजीखुशीनं सही केली’ हे वाक्य जरा जपूनच वाचावं. म्हणून मी चिठ्ठीला खिळा म्हटलं. एकमत हवं, पण त्याच्या आधी कुणाच्या डोळ्यांत न बघता ‘नाही’ लिहायची एक संधी हवी. नवव्या म्हाताऱ्याला ती मिळाली.

ती मिळाली नाही तर काय होतं, हे विजय तेंडुलकरांनी दाखवून ठेवलंय. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये रंगमंचावर आलं, अरविंद देशपांडे यांचं दिग्दर्शन, बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. मुंबईहून एका गावात प्रयोगाला आलेली हौशी मंडळी वेळ घालवायला अभिरूप खटला मांडतात आणि सोबतच्याच लीला बेणारेला आरोपी करतात. काशीकर न्यायाधीश, सुखात्मे एकटेच सरकारी वकीलही आणि बचावाचे वकीलही. रोज आणि तेंडुलकर एकामागून एक वाचा. दोन्हीकडं एक खोली, बाहेर जाता येत नाही, तेच उकरून काढणं. एकीकडं अकरा जण एकाचं ऐकू लागतात, दुसरीकडं सगळे मिळून एकीला घेरतात. सुखात्म्यांकडंही प्रश्न आहेत, पुरावे आहेत, भाषण आहे. नाही ते एवढंच, की त्या खोलीत ‘थांबा, तासभर बोलू’ म्हणणारा कुणी नाही. आणि ज्यानं यायला हवं तो, बेणारेच्या होणाऱ्या मुलाचा बाप प्राध्यापक दामले, नाटकभर येतच नाही. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ (1962) वेगळ्या जातीचं : प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे स्वतःच स्वतःचा वकील होतो, आणि फिरत्या रंगमंचासमोर बसलेला प्रेक्षक त्या भामट्यावर इतका खूश होतो की फसलेल्या बायकांचा त्याला विसर पडतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) मध्ये तर वक्तृत्व नावालाही नाही. कलमं एका सुरात वाचली जातात, तारखा पडतात. आपल्या खऱ्या कोर्टाच्या सगळ्यात जवळचा तोच.

घनसावंगी तालुक्यातल्या वाचकाला एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती ऐकणाऱ्याची आहे. समर्थ रामदासांचा जन्म 1608 सालचा, याच तालुक्यातल्या जांबचा. त्यांच्या दासबोधात वीस दशक, दोनशे समास आहेत. सुरुवात होते ती मात्र श्रोत्यांच्या प्रश्नानं : हा ग्रंथ कसला, यात आहे काय? पुढंही ग्रंथभर श्रोते आशंका काढतात, वक्ता थांबतो आणि उत्तर देतो. चांगल्या श्रोत्याची आणि वाईट श्रोत्याची लक्षणंही त्यांनी सांगितली आहेत. वक्तृत्व स्पर्धेला आपण दरवर्षी बोलणारे तयार करतो. श्रोत्यानं मधेच हात वर करून विचारावं, याची तालीम कुणी घेत नाही. रेजिनाल्ड रोजच्या नाटकात बोलणारा एक आणि ऐकता ऐकता बदलणारे अकरा आहेत. भूमिका वाटताना आठव्या ज्युरीसाठी भांडणं होतात. खरं अवघड काम दुसऱ्याचं, सहाव्याचं, बाराव्याचं आहे : तोंडातून फार वाक्यं नाहीत, पण मत कधी आणि कशानं हललं ते प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. बारावा तर एकदा निर्दोषकडं येऊन परत दोषीकडं जातो आणि पुन्हा येतो. कच्चा नट ते विनोदी करतो. तसं करू नका, तो माणूस त्या खोलीतला सगळ्यात जास्त आपल्यासारखा आहे.

वाचन कसं करायचं त्याच्या सूचना पुढं दिल्याच आहेत. तीनच गोष्टी माझ्याकडून. पहिलं पान वाचण्याआधी सगळ्या वाचकांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या, खटल्याची हकीकत तोंडी सांगा आणि ‘दोषी’ की ‘नाही’ ते लिहून घ्या, नावं न घालता. नाटक संपल्यावर पुन्हा लिहून घ्या आणि दोन्ही गठ्ठे सगळ्यांसमोर उघडा. दुसरी, मुलांनी आणि मुलींनी मिळून वाचा. मूळ बाराही पुरुष आहेत, पण बायकांना घेऊन हे नाटक जगभर झालेलं आहे, त्यामुळं त्याला हरकत नाही. आणि तिसरी गोष्ट : सुरुवातीला न्यायाधीश ज्युरीला सांगतात की निर्णय काहीही असो, तो सगळ्यांचा एक असला पाहिजे. नाटक छोटं करायचं म्हणून ते वाक्य कापलं जातं. बाकी हवी तेवढी काटछाट करा, ते वाक्य ठेवा.